तिसरं लिनक्स

नव्या फ्लेक्सचा उग्र वास आला की मला बंगळुरूजवळच्या आनेकलची ती सरकारी शाळा आठवते. शाळेला मिळालेल्या जुन्या कॉम्प्युटरांवर मुक्त सॉफ्टवेअर बसवायला बंगळुरूतले दोन गट एकाच दिवशी आले होते. कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्स या मुक्त प्रणालीचे अनेक प्रकार; दोघांचं लिनक्स वेगळं, आणि आपलंच खरं मुक्त असा दोघांचा हट्ट. फाटकावर कुणाचा फ्लेक्स वर लावायचा इथूनच जुंपली. मुलं पटांगणात उन्हात ताटकळत होती, आणि मुख्याध्यापक हात जोडून "आधी काहीतरी बसवा हो" म्हणत होते. माझी दोन्हीकडे ऊठबस, म्हणून निवाडा माझ्यावर आला. मी म्हटलं, "दोन्ही नकोत. तिसरंच लिनक्स बसवू." ते सगळ्यांना पटलं, कारण त्यात कुणीच जिंकत नव्हतं. एका गटातल्या अक्कांनी मात्र याच मुलांसाठी वर्षभर खपून आपल्या लिनक्सचा शब्द न् शब्द कन्नडात आणला होता. तिसऱ्यात कन्नड नव्हतं, आणि हे मला बोलतानाच ठाऊक होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्याच म्हणाल्या, "सरी, ठीक आहे, भांडण तर मिटलं की. मुलांना स्वल्प जड जाईल, एवढंच." मग दुपारभर त्या एकेका कॉम्प्युटरपाशी वाकून पडद्यावरचं इंग्रजी मुलांना कन्नडात सांगत राहिल्या. त्यानंतर त्या कुठल्याच बैठकीला आल्या नाहीत. दोन्ही गट आता बंगळुरूतच बेळ्ळंदूरला एकत्र जमतात, समेट घडवणारा माणूस म्हणून नव्या लोकांना माझी ओळख करून देतात, आणि मी उभा राहून नमस्कार करतो.