दाराशी कोणी पाणी मागितलं

झोपलेल्या माणसाला मी एकदा मरणाऱ्या माणसाचं पाणी पाजलं. महाराष्ट्र राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. खामगावात एका जुन्या धर्मशाळेत एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांसाठी एक संस्था आश्रम चालवत असे, आणि मी तिथला व्यवस्थापक होतो. व्यवस्थापक म्हणजे वरण पातळ झालं की बोलणी खाणारा माणूस. एके दुपारी काशिनाथबुवा नावाचे आमचे एक म्हातारे खाटेवर पडलेले दिसले. डोळे अर्धे उघडे, तोंड आ वासलेलं, हाक मारली तर हूं नाही की चूं नाही. आमच्याकडे माणूस जायला लागला की त्याला खाटेवर राहू देत नाहीत. जमीन सारवून त्याला भुईवर घेतात, तोंडात गंगाजल आणि तुळशीचं पान घालतात. ते चुकलं तर माणूस अधांतरी गेला असं म्हणतात. ते पाप आपल्या माथी नको म्हणून मी दोघांना हाक मारली, बुवांना उचलून भुईवर घेतलं आणि चमचाभर गंगाजल तोंडात सोडलं.

बुवांना जोराचा ठसका लागला. उठून बसले, तोंडातलं तुळशीचं पान काढून हातावर घेऊन पाहिलं आणि मला म्हणाले, "काऊन बे मनीजर, कोन मेलं?"

मी चमचा मागं लपवला. तेव्हा त्यांना आपण कुठं बसलो आहोत ते कळलं. "मले धाडून राह्यला होता का तू?" ते म्हणाले. "आधी चहा पाज ना लेका, मंग गंगा पाज."

आश्रम हसला, गल्ली हसली, पुढं माझ्या बायकोच्या माहेरापर्यंत ही बातमी गेली. संस्थेचे अध्यक्ष मात्र हसले नाहीत. त्यांनी मला लगेच बोलावून बजावलं, की यापुढं डॉक्टर येऊन सांगेपर्यंत कुणालाही भुईवर घ्यायचं नाही. डॉक्टर काय करतील ते करू द्यायचं. आश्रमावर बोल नको. मी मान हलवली. मान हलवण्यात मी पहिल्यापासून हुशार.

त्याच संध्याकाळी बायजाबाईंनी मला बोलावून घेतलं. या मेहकरकडच्या. शारंगधर बालाजीच्या देवळाच्या सावलीत ज्यांचा संसार झाला अशा. मूल नाही, नवरा गेलेला. दादाराव नावाचा पुतण्या त्यांनी पोटच्यासारखा वाढवला. तो इथं कापसाच्या बाजारात अडत करायचा आणि बाजाराच्या दिवशी न चुकता केळी घेऊन यायचा. त्या दिवशीही तो आलेला होता. बायजाबाई डाळ निवडत बसल्या होत्या. सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "भाऊ, आज काशिनाथबुवाले केलं ते माह्या वेळेले करजो. तवा मात्र पाह्यजो नीट."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मग त्यांनी आपल्या मालकाचं सांगितलं. मालकांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा लोकांनी त्यांना मालमोटारीत घालून अकोल्याला न्यायला काढलं. आधी गावातल्या डॉक्टरनं सुया टोचल्या. वाटेत मालक पाणी मागत होते. सोबतचा माणूस म्हणत होता, डॉक्टरनं पाणी नको म्हटलंय. पातूरच्या घाटात सरकीच्या पोत्यांवर मालक गेले. पाणी मागत गेले. "मी जवळच बसलो होतो," त्या म्हणाल्या. आमच्या इकडच्या जुन्या बाया स्वतःबद्दल असंच, पुरुषासारखं बोलतात. "माह्या हाताशी लोटा होता, भाऊ. मी देल्लं नाही." मग दादारावकडं पाहून म्हणाल्या, "मले सुई नको, मोटार नको. मले भुईवर घ्याचं, पानी द्याचं, अन् शारंगधराचं नाव. दादाराव, तूबी आइकून ठेव."

दादाराव केळं सोलत म्हणाला, "काकी, तू आमाले सगळ्यायले पोचवून जाशीन." मीही मान हलवली. विषय तिथं संपला. म्हणजे आम्ही दोघांनी संपवला.

माझ्या भक्तीविषयी इथं एक सांगून टाकतो. सकाळी अंगणातल्या बालाजीच्या तसबिरीपुढं उदबत्ती लावायची, दोन श्लोक पुटपुटायचे आणि पाण्याचा हौद भरला का ते पाहायला जायचं, एवढीच माझी भक्ती. देव आहे की नाही याची मी कधी चौकशी केली नाही, आणि त्यानंही माझी केली नसावी. बायजाबाईंचं बोलणं ऐकून मात्र मी जरा हललो होतो. एकीकडं अध्यक्षांना हलवलेली मान, दुसरीकडं बायजाबाईंना हलवलेली मान. दोन्हीकडं हो म्हणून बसलेला माणूस जे करतो तेच मी केलं. ती वेळ माझ्या पाळीत येऊ नये, एवढं देवाकडं मागितलं.

ती माझ्याच पाळीत आली. उन्हाळा सुरू झाला होता. मागच्या जिनिंगमधली कापसाची पिंज अंगणात उडत होती. बाजाराचाच दिवस. दादाराव ओसरीवर बसून कापसाच्या भावाच्या गोष्टी सांगत होता, बायजाबाई खाटेवर बसून ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्या एका अंगावर कलंडल्या. आवाज नाही, काही नाही. हातातलं केळं जमिनीवर पडलं तेव्हा आम्हाला कळलं. ओठ निळे पडले होते. श्वास एक यायचा, मग यायचाच नाही, मग पुन्हा एक. मी तिथंच उभा. समोर सगळं दिसत होतं आणि त्यातलं काहीच मला कळत नव्हतं. कुणीतरी धावत जाऊन कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून डॉक्टरांना आणलं. डॉक्टर तरुण, नुकतेच आलेले, मनानं चांगले. नाडी पाहिली, छातीला नळी लावली, पेटी उघडली आणि काचेची कुपी फोडली.

"हृदय बंद पडायला आलंय," ते म्हणाले. "सुई देतो. चालू झालं तर लगेच जीप काढा, अकोल्याला हलवू. वाटेत पुन्हा द्यावी लागेल."

दादाराव रडत होता. "द्या डाक्टरसाहेब, काय द्याचं ते द्या. जीप मी आणतो."

त्याला सगळं ठाऊक होतं. मलाही. आम्ही दोघांनी ते एकाच वेळी ऐकलं होतं. आणि आता तो माझ्याकडं बघत नव्हता, मी त्याच्याकडं बघत नव्हतो. सुईत औषध चढताना दिसत होतं. बोलावं असं वाटत होतं, पण जीभ हलेना. काय बोलणार होतो मी? की हिला मरू द्या? हे शब्द माणसानं तोंडातून कसे काढायचे? उद्या संस्था विचारील, गाव विचारील, हा रडणारा पुतण्या जन्मभर विचारील. शिवाय माझा अंदाज काय लायकीचा आहे ते साऱ्या खामगावानं पाहिलेलं. बालाजीची तसबीर समोरच होती. मी तिच्याकडं पाहिलं, पण प्रार्थनासुद्धा सुचली नाही. आतून सगळं पुसलं गेल्यासारखं झालं होतं.

तेवढ्यात फाटकातून आवाज आला. "पानी भेटन का जी थोडंसं?"

एक माणूस उभा होता. डोक्यावर गाठोडं, अंगात मळकी बंडी, उन्हानं रापलेला चेहरा. आत काय चाललंय हे त्याला दिसत नसावं. बाहेर लख्ख ऊन आणि ओसरीवर अंधार. त्यानं पुन्हा विचारलं, "माय, पानी द्या हो कोनी."

तो घाट, ती पोती, हाताशी असलेला लोटा, हे मी कधी पाहिलेलं नव्हतं, पण त्या क्षणी मला ते दिसलं. आणि माझं तोंड उघडलं. कुणी माझ्या मुखानं बोललं असं मी म्हणणार नाही. आवाज माझाच होता. घोगरा, कापरा, आणि जरा जास्तच मोठा.

"डॉक्टरसाहेब, थांबा. सुई देऊ नका. यांनी नको म्हणून सांगितलंय."

डॉक्टरांनी हात थांबवला. "कुणी सांगितलं?"

"यांनीच. शुद्धीत असताना. मला सांगितलं, याच्यासमोर सांगितलं. सुई नको, मोटार नको. भुईवर घ्या, पाणी द्या."

"म्हातारं मानूस काहीबी बोलते," दादाराव ओरडला. "तिनं मले वाढवलं हो. अन् मी तिले अशीच जाऊ देऊ?"

"अशीच नाही, दादाराव," मी म्हणालो. "पाणी देऊन."

डॉक्टरांनी त्याला विचारलं, "खरंच सांगितलं होतं त्यांनी?" मला वाटलं हा नाही म्हणेल, आणि तो नाही म्हणाला असता तर मी त्याला दोष दिला नसता. त्यानं फेट्याच्या शेवानं तोंड पुसलं. मग तो म्हणाला, "हाव. सांगतलं होतं."

डॉक्टरांनी सुई पेटीत ठेवली आणि पेटीचं झाकण लावलं. त्या झाकणाच्या आवाजानं मी जेवढा हादरलो तेवढा बायजाबाई कलंडल्या तेव्हाही हादरलो नव्हतो. इतका शिकलेला माणूस, हातात औषध, आणि एका निरक्षर बाईच्या शब्दापुढं त्यानं हात मागं घेतला. एवढंच नाही, तो पायातले बूट काढून त्यांना उचलायला पुढं आला. बायांनी भराभर जागा सारवली. आम्ही तिघांनी बायजाबाईंना ओल्या भुईवर ठेवलं. पाणी मी द्यायला गेलो, तर दादारावनं माझ्या हातातून पळी घेतली. अर्धं पाणी हनुवटीवरून ओघळलं. उरलेलं आत गेलं. गळ्याची घाटी हलली. आम्ही सगळ्यांनी पाहिली. त्यांनी डोळे उघडले का? दादाराव म्हणतो उघडले आणि त्याच्याकडं पाहिलं. मला तसं दिसलं नाही, पण मी त्याच्याशी कधी वाद घातला नाही. काशिनाथबुवा भिंतीला धरून आले, उशाशी बसले आणि शारंगधराचं नाव घ्यायला लागले. मग सगळेच घेऊ लागले. त्या नावात कधीतरी पुढचा श्वास आला नाही.

बऱ्याच वेळानं मला फाटकातला माणूस आठवला. लोटा भरून धावत गेलो, तर तिथं कोणी नाही. समोरच्या चहावाल्यानं सांगितलं, की गाठोडंवाला एक माणूस थांबला होता, मोटार आली तशी मलकापूरच्या गाडीत चढून गेला. म्हणजे होता तो. कुठल्यातरी गावचा, कुठंतरी निघालेला, उन्हाचा तहानलेला. तो देव होता असं मी कुणाला सांगत नाही आणि नव्हता असंही म्हणत नाही. मला एवढंच कळतं, की ज्याच्या मागण्यानं एका बाईला तिचं शेवटचं पाणी मिळालं, तो स्वतः तसाच गेला. भरलेला लोटा हातात घेऊन मी रस्त्यात उभा होतो आणि तिथं मला रडू आलं. बायजाबाईंसाठी नव्हे, त्याच्यासाठी. दुसऱ्या दिवशी फाटकाशी रांजण ठेवला.

अध्यक्षांनी बोलावलं तेव्हा डॉक्टरच आधी बोलले. त्यांचा अधिकार मोठा, त्यामुळं माझं निभावलं. पुढं मी आश्रमातल्या एकेकापाशी बसून विचारायला लागलो, तुमची वेळ आली तर काय करू? कुणी म्हणे सुई द्या, कुणी म्हणे मुलाला तार करा. काशिनाथबुवा म्हणाले, चहा. मी ऐकून घेतो. आजवर शरण जाणं म्हणजे हात जोडून डोळे मिटणं असं मी समजत होतो. त्या दिवशी डोळे उघडे होते, हात कामात होते, आणि आपल्याला काय वाटतं हे बाजूला ठेवून दुसऱ्यानं मागितलेलं तेवढं द्यायचं होतं. तेही माझ्या बळावर जमलं नसतं. कुणीतरी दाराशी यावं लागलं. ज्यानं त्याला त्या वेळी त्या दाराशी धाडलं, त्याच्यापुढं आता उदबत्ती लावताना मी जरा जास्त वेळ उभा राहतो. हौद भरायचा तेव्हा भरतो.

बायजाबाई गेल्या त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा बायको चुलीपुढं भाकरी थापत होती. मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, आणि शेवटी जरा मोठेपणानं म्हणालो, की मरण यावं तर असं यावं.

तिचे हात थांबले. "ते बायजाबाईचं झालं," ती म्हणाली. "आता माहं आइकून ठेवा. मले सुया टोचा, जीप करा, अकोल्याले न्या, नाही जमलं तं नागपूरले न्या, डाक्टरच्या पायावर लोळा. मले जाची घाई नाही, इतक्यात सोडू नका मले. अन् देवाचं नाव गाडीत बसल्यावर घेजा."