दसऱ्याची खुंटी

सावळीराम आहेरला आयुष्यात कधी कोणी शाबासकी दिली नव्हती, आणि द्यावी असं त्याने काही केलंही नव्हतं. मूळचा देवळ्याकडचा. पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून चिकटला, छत्तीस वर्षं कालव्यांचे नकाशे काढले, आणि निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन नाशिक रोडच्या घरी आला. अक्षर तेवढं छापल्यासारखं. साहेब लोक त्याच्या अक्षराची तारीफ करत आणि ती त्याला झोंबे, कारण डोक्याची तारीफ कोणीच करत नसे.

निवृत्तीनंतर कोणी देवाला लागतं, कोणी सकाळी फिरायला लागतं. सावळीराम लिनक्सला लागला. लोकांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर भद्रकालीत खाजाभाईच्या भंगाराच्या दुकानातून आणायचे, त्यातलं विंडोज पुसायचं आणि फुकट मिळणारं लिनक्स घालायचं. चार वर्षांत मागच्या खोलीत सात डबडी उभी राहिली. त्यांपैकी तीन चालत. बाकीची चार ‘चालणार’ होती.

बायको उज्वला त्या खोलीत गादी टाकून झोपायची, तिची गादी हॉलमध्ये आली. उलट बोलण्याची सवय त्याने तिला लागूच दिली नव्हती. लग्नाला सदतीस वर्षं झाली, तरी तिने मिक्सरचं बटण दाबलं की हा आतून ओरडायचा, “हळू! यंत्र आहे ते, तुझा पाटा-वरवंटा नाही!”

मागच्या पोळ्यानंतर उज्वलाची आई, कुसाबाई, नामपूरहून लेकीकडे राहायला आली. वय चौऱ्याऐंशी. आठवण विरायला लागली होती. सकाळी काय खाल्लं ते दुपारी ठाऊक नसे, पण जुनं सगळं जागच्या जागी होतं, आणि ते अहिराणीत होतं. म्हातारी स्वयंपाकघरात पाटावर बसून बोलत राहायची. कांद्याच्या रोपापासून साठवणीच्या चाळीपर्यंतचे शब्द, दुखण्याखुपण्याचे, सोयरिकीचे, रुसण्याचे शब्द. उज्वला नाशिकला येऊन ते विसरली होती. एके दिवशी तिने कॅलेंडरचं पान फाडलं आणि पाठकोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली. सटाण्याचा एक छापखानेवाला पुस्तक करायला तयार झाला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या माहेरवाशिणी नामपूरला येतात, त्या दिवशी म्हातारीच्या हातात तिच्याच शब्दांचं पुस्तक द्यायचं, असं ठरलं. साठ वर्षांच्या उज्वलाने पहिल्यांदाच स्वतःहून काही ठरवलं होतं.

छापखान्याला फाइल हवी होती ती जुन्या मराठी टायपात, आणि तो टाइप चाले फक्त जुन्या विंडोजवर. सावळीरामला आनंदच झाला. त्याने आपल्या सर्वांत धडधाकट डबड्यात, लिनक्सच्या पोटात, एक व्हर्च्युअल मशीन बसवलं. म्हणजे एका खऱ्या कॉम्प्युटरच्या आत दुसरा खोटा कॉम्प्युटर. पडद्यावर एक चौकट उघडायची आणि त्या चौकटीत आख्खं जुनं विंडोज नांदायचं.

“घरमालक मी, भाडेकरू विंडोज,” तो म्हणाला. “भाडेकरूने दंगा केला तर बाहेर.”

“आणि माझं लिखाण?”

“अगं, तीच तर गंमत आहे. मी रोज खुंटी मारून ठेवणार. आज मशीन जसं आहे तसंच्या तसं गोठवायचं. उद्या काही बिघडलं की खुंटीवर परत. जणू काही घडलंच नाही.”

स्नॅपशॉट हा शब्द तिला जमणार नाही असं समजून त्याने खुंटी शोधून काढली होती.

उज्वला सकाळी आईचं ऐकून कागदावर लिही, दुपारी टाइप करी. संध्याकाळी सावळीराम कागद तपासायचा, टाइप झालेला शब्द दिसला की कागद फाडायचा आणि सकाळच्या घंटागाडीत टाकायचा. ही त्याची खात्यातली शिस्त. नकाशाची मूळ प्रत एकच हवी. दोन प्रती झाल्या की एकीत दुरुस्ती होते, दुसरीत राहते, आणि कालवा भलत्याच्या वावरातून जातो.

“राहू द्या ना एका पिशवीत,” ती एकदा म्हणाली.

“म्हणजे माझ्या मशीनवर तुझा भरवसा नाही.”

पेनड्राइव्हला त्याने बंदी घातली, व्हायरस येतो म्हणून. मुलगी संजना पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. ती फोनवर म्हणाली, “बाबा, निदान इंटरनेटवर एक प्रत ठेवा.” तर हा म्हणाला, “आपली भांडी दुसऱ्याच्या घरात कशाला ठेवायची?” संजनाने नाद सोडला. ती फार लवकर नाद सोडते, बापासारखीच.

दसऱ्याला सावळीरामने मॉनिटरला झेंडूची माळ घातली आणि खुंटी मारली. नाव दिलं ‘दसरा’. तेव्हा चारशे अकरा शब्द झाले होते. दिवाळीत त्याने पुन्हा खुंटी मारायला घेतली तर पडद्यावर सूचना आली, डिस्कवर जागा नाही. त्याने ती बंद केली. मोठी डिस्क आणू, मग बघू. खाजाभाईकडे तो दोनदा गेला आणि दोन्ही वेळा आणखी एक मॉनिटर घेऊन आला. बायकोला मात्र रोज संध्याकाळी सांगायचा, “मारली खुंटी.” पहिल्या दिवशी ते खोटं होतं. महिन्याभरात त्याला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं.

गुढीपाडवा झाला तेव्हा शब्द तेवीसशेच्या पुढे गेले होते, आणि म्हातारी बरीच मागे पडली होती. आता ती लेकीला ‘माय’ म्हणायची. शब्द विचारला की हसायची. उज्वलाचा भाऊ महेश म्हातारीला नामपूरला न्यायला आला. नामपूरचा कांद्याचा व्यापारी, गळ्यात चेन, बगलेत नवाकोरा लॅपटॉप. बरोबर बायको अंजली. शेजारच्या संध्यावहिनीही चहाच्या वासाने आल्या.

महेशने मागच्या खोलीत डोकावून शिट्टी वाजवली. “दाजी, हे काय, भंगारचं दुकान टाकलं का? आमच्याकडे कांद्याची चाळ यापेक्षा टापटीप असते.”

अंजली तोंडाला पदर लावून हसली. संध्यावहिनींनी पदर न लावता हसून घेतलं.

“तुझ्या त्या लॅपटॉपला व्हायरस लागला तर काय करशील?” सावळीरामने विचारलं.

“दुकानात टाकीन. नाहीतर दुसरा घेईन.”

“मी एका मिनिटात जिवंत करतो. बघायचंय?”

“अहो, राहू द्या,” उज्वला म्हणाली. “सकाळचं लिहायचं आहे माझं अजून.”

“तू गप्प बस. तुला यातलं कळत नाही.”

सगळे खोलीत गोळा झाले. कुसाबाईला खुर्चीत आणून बसवलं. सावळीरामने चौकट उघडली, आतलं विंडोज सुरू केलं, आणि त्याच्या पोटातल्या महत्त्वाच्या फाइली एकेक करून पुसायला लागला. पडदा थरथरला, अक्षरं विस्कटली, मग सगळं काळं झालं.

“मेलं!” महेश म्हणाला. “दाजी, मारलंत की!”

“मेलं ना? आता बघ.”

त्याने खुंट्यांची यादी उघडली. यादीत एकच नाव होतं. दसरा. त्याचा हात थांबला. इथून पुढे काय होणार ते त्याने एकदा, फक्त एकदा, डोळ्यांसमोर आणलं असतं तर! अजूनही वेळ होती. मेलेल्या मशीनच्या डिस्कवर तेवीसशे शब्द तसेच होते. संजनाला फोन केला असता तर अर्ध्या तासात बाहेर निघाले असते. पण त्यासाठी म्हणावं लागलं असतं, थांबा, माझं चुकलं. आणि मागे महेश उभा होता.

“काय हो दाजी, अडकलं का?”

मशीनने विचारलं, आताची स्थिती टाकून द्यायची का? सावळीराम हो म्हणाला.

काळ्या चौकटीत हिरवं माळरान उगवलं, घंटी वाजली, विंडोज जसंच्या तसं उभं राहिलं. अंजलीने टाळ्या वाजवल्या. संध्यावहिनी म्हणाल्या, “बाई गं, काय डोकं आहे आहेरांना!” महेशनेसुद्धा दाजींच्या पाठीवर थाप मारली. चौसष्ट वर्षांत पहिल्यांदा कोणी त्याच्या डोक्याला शाबासकी दिली, आणि तो उभाच राहिला. कुसाबाईने सगळे वाजवतात म्हणून दोन टाळ्या वाजवल्या.

महेश म्हातारीला घेऊन गेला. दुपारी उज्वला लिहायला बसली. तिने फाइल उघडली, खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली.

“अहो, पुढचे शब्द दिसत नाहीत.”

सावळीराम हॉलमध्ये पेपर वाचत होता. त्याने पेपर खाली केला नाही. “सेव्ह केलं नव्हतंस?”

“रोज करते.”

“मग कुठे जाईल? बटण दाबलंस म्हणजे सेव्ह झालं असं नसतं. शंभर वेळा सांगितलं तुला.”

सदतीस वर्षं ज्या बाईला यंत्रातलं कळत नाही असं सांगितलं, तिने ते मानलं. चार दिवस ती जेवली नाही धड. बटणं दाबून बघायची, कुठे चुकलं. “माझ्या हातून गेलं,” असं तिने छापखानेवाल्याला फोनवर सांगितलं. सावळीराम शेजारीच बसून शेंगदाणे खात होता. त्याने शेंगदाणे संपवले.

पाचव्या दिवशी तो भद्रकालीला गेला असताना तिने स्वतः मशीन सुरू केलं. सात महिने ती त्या पडद्यासमोर बसली होती, कुठे काय असतं हे बघून बघून पाठ झालं होतं. खुंट्यांची यादी तिने उघडली. दसरा. खाली दुसरं नाव नाही. तिने पडद्याचा फोटो संजनाला पाठवला.

“आई, बाबांनी मशीन दसऱ्यावर परत नेलंय,” संजना म्हणाली. “त्यानंतरचं सगळं त्यांच्या हाताने गेलं. तुझ्याकडून नाही. आणि ते आता येत नाही.”

“बरं,” उज्वला म्हणाली आणि भाकरी टाकायला उठली.

जेवताना तिने विचारलं, “दसऱ्यानंतर खुंटी मारली होती?”

“त्याचं काय आहे, डिस्क जेव्हा भरत येते ना—”

“हो की नाही?”

“नाही.”

“त्या दिवशी यादी बघितलीत तेव्हा कळलं होतं?”

सावळीरामने आमटी ओरपली. मग मान हलवली. उज्वलाने आणखी एक भाकरी घेतली आणि पोटभर जेवली. चार दिवसांची भूक होती.

“आखाजीला नामपूरला निघायचं,” ती हात धुताना म्हणाली. “दोघांनी. तुमची नकाशांची शाई आणि निब घ्या.”

आखाजीला महेशच्या अंगणात झोका बांधला होता. माहेरवाशिणी जमल्या होत्या, गौराईची गाणी चालली होती. एकीने पुस्तकाचं विचारलं. उज्वलाने आवाज चढवला नाही. “पुस्तक झालं नाही. यांनी घालवलं. कसं ते यांनाच विचारा, छान समजावून सांगतात.”

सावळीराम समजावून सांगू लागला. घरमालक, भाडेकरू, खुंटी. झोका थांबला. भागुबाई म्हणून एक आत्या होती, कधी शाळेत न गेलेली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हंजे चार लोकांनी टाळ्या वाजवाव्या म्हणून भरल्या घराला काडी लावली, आसंच ना?”

बायका इतक्या हसल्या की झोक्यावरची एक खाली उतरली. महेश ओट्यावरून ओरडला, “दाजी, आता मागं जाता येतं का बघा की! एक मिनिट लागतं ना?”

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. ओट्यावर सतरंजी, दोनशे पानी वही, शाईची दौत. कुसाबाई खाटेवर, सावळीराम खाली. सकाळी आठ ते बारा. पहिल्याच सकाळी म्हातारीने त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं, “हाऊ कोन शे?”

“लिखनारा गडी शे, माय,” उज्वला म्हणाली.

कुसाबाईजवळ आता फारसं उरलं नव्हतं. कांद्याचे शब्द गेले, सोयरिकीचे गेले, रुसण्याचे गेले. शिव्या मात्र शाबूत होत्या, आणि नवऱ्याच्या घरी पन्नास वर्षं दाबून ठेवलेल्या त्या सगळ्या ती या गड्यावर काढू लागली. फुकनीना. मुडदा. तुनं तोंड ठेची टाकसु. सावळीराम त्या सुंदर अक्षरात लिही, पुढे अर्थ लिही. बाराला उज्वला पदराला हात पुसत येई आणि तपासे.

“हे तिने असं म्हटलं नाही. तुम्ही गुळगुळीत केलंय. ती काय म्हणाली तेच लिहा.”

अकराव्या दिवशी म्हातारीची नजर अंगणातल्या कांद्याच्या पातीच्या जुडीवर गेली. चेहरा उजळला. स्पष्ट, हळुवार आवाजात ती एक शब्द बोलली. शिवी नव्हती ती. सावळीराम तेव्हा निब दौतीत बुडवत होता.

“काय म्हणालात? आई, परत सांगा.”

कुसाबाईने त्याच्याकडे बघितलं आणि रस्त्याकडे हात केला. “निंघ आठून.”

उज्वला दारात उभी होती. “काय म्हणाली ती?”

काहीही सांगता आलं असतं. कोणाला कळणार होतं? “निसटला,” तो म्हणाला. “मी ऐकला नाही.”

“मग तसंच लिहा. एक शब्द गेला. पुढे तारीख घाला.”

त्याने लिहिलं. छापल्यासारखं अक्षर.

“आता खाली लिहा, निंघ आठून,” उज्वला म्हणाली. “आणि अर्थ तुम्हाला कळलाय, तोही लिहा.”