टोपलीवालीच्या मागून

सौदीतल्या दम्मामच्या आमच्या रुग्णालयात रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत माझ्याकडे आणून देणाऱ्या रत्नागिरीच्या एक खाला आहेत. बोलतानाही त्या हातातला ट्रे खाली ठेवत नाहीत. गेल्या रजेत त्या एकट्या व्हिएतनाम फिरून आल्या. इंग्रजी येत नाही, तिथली भाषा तर नाहीच.

तिथलेच माझे तिकीट मी एकटीने जायच्या भीतीपोटी रद्द करण्याच्या बेतात होते. विचारले, "खाला, बस चुकली तर?"

"टोपलीवाली म्हातारी बघायची नि तिच्यामागून चढायचं. बाजाराला निघालेली बाय चुकत नाय."

"पण मला बाजारात जायचेच नसेल तर?"

"तिथून सगळीकडं गाडी मिळते गो. यल्ला, चल, नमुने घे!"

मी आठवडाभर वेळापत्रके जुळवत होते. त्यांनी अख्खा देश अनोळखी म्हाताऱ्यांच्या भरवशावर पालथा घातला होता. तिकीट मी रद्द केले नाही.