अनिकेतला केलेला फोन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही अनिकेतला ओळखत नाही.

गुडगावच्या एका विमान कंपनीत मी पायलटांच्या ड्यूट्या लावते. कुणी आजारी पडला की त्याच्या जागी दुसरा शोधायचा, हे माझं काम. आमच्या टेबलाचं एक पथ्य आहे – पायलट ‘सिक’ म्हणाला की काय झालंय ते विचारायचं नाही. बरं नसताना कुणी दबावाखाली विमान उडवू नये, म्हणून. नव्या मुलींना हे पहिल्याच दिवशी शिकवते कोण? मीच!

त्या सकाळी एकामागून एक पायलट ‘सिक’ झाले. दोन ड्यूट्यांमधली विश्रांती कंपनीने कमी केली होती, त्यावरून धुसफूस चालूच होती. मी बदली पायलटांना फोन लावत सुटले, तर तेही सिक. त्यातलाच एक अनिकेत. दिल्लीत मयूर विहारला आमच्याच सोसायटीत राहणारा, मूळ नांदेडकडचा. मला ताई म्हणतो. त्याची आई आणि मी भाजी आणायला बरोबर जातो. ऑफिसच्या फोनवर तो इंग्रजीत दोन शब्द बोलला, मी थँक यू म्हटलं. नियमाप्रमाणे.

मग मॅनेजर खुर्चीमागे येऊन उभे राहिले. “मेधाजी, झूठमूठ सिक होने वालों में से एक भी पक्का नाम मिल जाए, तो बाकी सब शाम तक लौट आएँगे. आप मराठी लोग तो आपस में बात करते हो ना?”

नाही म्हणता आलं असतं. विसरल्यासारखंही करता आलं असतं. मी माझा मोबाईल घेऊन जिन्यात गेले. ऑफिसचे फोन रेकॉर्ड होतात, तिथे सगळे जपून बोलतात – हे मला पक्कं ठाऊक होतं. “बरा आहेस ना रे? काही आणून ठेवू का घरी?” इतक्या मायेने विचारलं की – खरं सांगू? – तेवढ्यापुरती मला खरोखरच काळजी वाटली.

तो हसला. “ताप-बीप काही नाही गं ताई, मस्त पोहे खातोय. सगळ्यांनी ठरवलंय यार. कुणाला बोलू नकोस.”

मी बोलले. जागेवर परत जायच्या आधी मॅनेजरांच्या केबिनमध्ये जाऊन बोलले.

आमच्याकडे पुरावा आहे, राजीनामा दे, नाहीतर लायसन्सवर येईल – असं दरडावून कंपनीने त्याच्याकडून राजीनामा घेतला. बातमी पसरली तसे बाकीचे भराभर ‘बरे’ झाले. विश्रांती कमीची कमीच राहिली. मॅनेजरांनी माझ्यासाठी कॉफी मागवली आणि मी ती प्यायले.

तुम्ही म्हणाल, दबाव होता. मीही स्वतःला तेच सांगत आले. पण खरी गोष्ट याच्या पुढची आहे, आणि तिथे मॅनेजर नव्हते.

काही दिवसांनी अनिकेत घरी आला. डोळे सुजलेले. डोक्यात एकच – सांगितलं कुणी? करण हा त्याचा फ्लाइंग स्कूलपासूनचा जिवलग मित्र. त्या सकाळी पोहे खायला समोर तोच होता, तोही ‘सिक’च होता, आणि त्याची नोकरी मात्र टिकली. “ताई, करणच असेल ना?” माझा फोन त्याच्या मनातसुद्धा आला नाही. ताईवर कोण संशय घेईल?

मी त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि म्हणाले, “असेल.”

अनिकेतला दुसरीकडे कुणी घेतलं नाही. तो नोएडाला मुलांच्या शिकवण्या घेतो. करणशी तो त्यानंतर बोललेला नाही.

करणच्या ड्यूट्या मीच लावते. परवा तो टेबलापाशी येऊन घुटमळला. “दीदी, आप तो उसके यहाँ आती-जाती हो. मैंने उसका क्या बिगाड़ा है, कुछ पता है आपको?”

मी त्याच्याकडे बघून, अगदी शांतपणे, नाही म्हटलं.