राउटरच्या भोकातली सुई

लग्न होऊन मी यवतमाळकडून तेलंगणाच्या हद्दीतल्या बेल्याला आले, तेव्हा घरात राउटर आधीच होता. सासूबाईंनी त्याच्यासाठी क्रोशाचं झाकण विणलं होतं, दिवे दिसावेत म्हणून पुढे खिडकीही ठेवली होती. मोबाईलची रेंज मात्र घरात टिकत नाही. फोन कधी महाराष्ट्राचा टॉवर पकडतो, कधी तेलंगणाचा, आणि बहुतेक वेळा दोन्ही सोडतो. बोलायचं तर मागच्या अंगणात, गोठ्याच्या कुडाजवळ जावं लागतं.

म्हणून आमचं वाय-फाय सासूबाईंच्या जिवाभावाचं. त्यांची बहीण पांढरकवड्याला असते. दुपारी दोघी व्हिडिओ कॉल लावतात, फोन भिंतीला टेकवतात आणि आपापलं काम करत बसतात. इकडे तूर निवडणं, तिकडे लसूण सोलणं. कधी कधी बराच वेळ दोघी एक शब्द बोलत नाहीत, पण कॉल बंद केलेला चालत नाही.

एका सकाळी नवरा इचोड्याच्या शाळेत शिकवायला निघून गेला आणि सासूबाईंनी झाकण धुवायला काढलं. थोड्या वेळाने हाक आली, "पोरी, याचे दिवे काऊन गेले वं?"

त्यांच्या हातात गोधडीची सुई होती.

"आई, काय केलं तुम्ही?"

"काई नाही केलं. मांगं एक बारीक भोक हाय, त्याच्यात मळ बसला व्हता. म्या जरा दाबून कोरला."

ते भोक रिसेटचं होतं. राउटर पुन्हा सुरू झाला, पण आपण कुठल्या घरचे, हे सगळं विसरून. इंटरनेटचा दिवा लाल.

मी गोठ्याजवळ जाऊन कंपनीला फोन लावला. सासूबाई मागोमाग आल्या. तिकडच्या मुलीला मराठी येत नव्हतं, मला तेलुगू येत नव्हतं, म्हणून दोघी हिंदीत भेटलो. राउटरच्या पोटावरच्या कागदावर पाहून नवऱ्याच्या लॅपटॉपवर मी सेटिंगचं पान उघडलं होतं. जोडणीचा प्रकार पीपीपीओई निवडायचा, मग युजरनेम, मग पासवर्ड. युजरनेम आत जाऊन नीट भरलं. पासवर्डची पहिली अक्षरंही भरली. मग ती म्हणाली, "सुन्ना."

"जी, सुन रही हूँ," मी म्हटलं.

"सुन्ना, मॅडम."

"सुन रही हूँ ना, बोलिए."

"सुन्ना! सुन्ना!" तिचा आवाज चढला.

मलाही राग आला. एवढं लक्ष देऊन ऐकतेय, तरी ही ऐका ऐका करते! तिने पुढची अक्षरं सांगितली, मी आत पळत जाऊन ती भरली. पासवर्ड चुकीचा. बाहेर येऊन हे सांगितलं तर तिने पुन्हा तेच सुरू केलं. सासूबाई मात्र कुडाला धरून हसत होत्या. पदर तोंडात कोंबलेला, डोळ्यांतून पाणी.

"अवं, थे तुले 'ऐक' म्हणून नाही राह्यली! सुन्ना म्हंजे शून्य. तेलुगूत शून्याले सुन्ना म्हंतेत!"

मग फोन त्यांनीच घेतला. कापूस वेचायला आलेल्या बायांशी बोलून बोलून त्यांची तेलुगू पक्की झालेली. एकेक अक्षर त्या मोठ्याने म्हणायच्या, मी कागदावर लिहायची. मध्येच त्यांनी त्या मुलीला जेवलीस का, असं विचारलं. ती नाही म्हणाली, तर आधी तिलाच रागावल्या. मी आत जाऊन शून्यांसकट पासवर्ड भरला. दिवा हिरवा झाला, आणि मी खिडकीतून ओरडले, "आई, झालं!"

"थांब, थे इचारून राह्यली, वाय-फायचं नाव काय ठेवाचं?"

"काहीही ठेवा."

"शेजाऱ्याले दिसते का थे नाव?"

"सगळ्यांना दिसतं."

समोरच्या घरातले भाऊजी मंडल ऑफिसात, म्हणजे इथल्या तहसिलीत, कारकून. आमच्या वाय-फायचा जुना पासवर्ड त्यांना कसा मिळाला, कोणालाच ठाऊक नव्हतं, पण रोज संध्याकाळी क्रिकेट त्यांच्याकडे चालायचं आणि नेट अडकायचं आमच्याकडे. सासूबाईंनी क्षणभर विचार केला.

"मंग लिही, 'विचारून घ्या'."

मी तेच नाव ठेवलं, पासवर्डही नवा टाकला.

संध्याकाळी भाऊजी दारात उभे. पायातली चप्पल काढावी की नाही, या विचारात.

"काकू, थे… विचाराले आलो."

"ये ना बाप्पा, बस," सासूबाई म्हणाल्या. चहा झाला. त्यांच्या बायकोची, पोरांची, बदलीची चौकशी झाली. सामना तिकडे सुरू झाला असावा, कारण भाऊजी सारखे घड्याळाकडे बघत होते. सासूबाईंनी आणखी अर्धा कप ओतला आणि मगच मला म्हणाल्या, "सांग वं त्याले."

भाऊजींनी पासवर्ड टाकला, आणि सामना आमच्याच ओसरीवर बसून पाहिला.