आक्कांचा वरचा स्विच

मोहालीतल्या कंपनीत रुजू झालो त्याच दिवशी मी अख्ख्या मजल्याची वीज घालवली. विजेच्या लाटा पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप असतो, त्याचा अर्थचा, म्हणजे जमिनीला जोडायचा, चिमटा मी भलत्याच ठिकाणी लावला. फट् आवाज झाला, अंधार झाला आणि माझ्या तोंडून "मेलो" निघालं. कोपऱ्यातून एका बाईचा आवाज आला, "मराठी आहेस व्हय? मग मर, पण आधी तो चिमटा काढ."

या आक्का. इचलकरंजीच्या, डिझाइन विभागाच्या प्रमुख. बाकी सगळ्यांच्या मॅडमजी, माझ्या एकट्याच्या आक्का. वीज आल्यावर त्यांनी मला बोर्ड दाखवला. मोटर चालवायला एकावर एक असे दोन स्विच आणि त्यांच्या मधला बिंदू. मी त्यालाच जमीन समजलो होतो. "ते सारखं वरखाली होतं लेका. हलणाऱ्याला धरून उभं राहशील तर असाच जळशील."

घरी मी चिमट्याची ही हकिकत जरा सौम्य करून सांगितली. तरी मुलगी शेजारी सांगून आलीच, "पापा ने ऑफिस की लाइट उडा दी."

रविवारी आक्का आमच्या एयरोसिटीच्या घरी यायच्या. पर्समध्ये कांदा-लसूण चटणीची बाटली असायची. समोर राजमा असो, छोले असोत, त्या आधी चटणी घालायच्या आणि मग चव घ्यायच्या. कुणी हसलं तर म्हणायच्या, "मी पंजाबात राहते, माझी जीभ नाही."

एकदा बायकोनं विचारलं, तुम्ही दिवसभर करता तरी काय? आक्कांनी आमच्या जिन्याकडे बोट दाखवलं. "समज, खाली एक माणूस आहे आणि वर एक. नळ खालीच. वरचा खाली आला की बादली भरून घेतो आणि वर जाऊन वापरतो. स्वस्तात काम भागतं. पण त्याला सांगितलं, आता वरच उभा राहा, खाली यायचं नाही, तर?"

"बादली संपेल," बायको म्हणाली.

"बघ, तुला कळलं. आमच्या मालकांना कळत नाही." वरच्या स्विचचं असंच असतं. खालचा चालू झाला की वरच्याचा कपॅसिटर, म्हणजे त्याची विजेची बादली, भरतो. वरचा सलग चालू ठेवायचा असेल, तर त्याला वरच वेगळा सप्लाय द्यावा लागतो. तो आक्का प्रत्येक बोर्डावर देत. खर्च वाढतो म्हणून मालक वैतागत. आक्का म्हणत, "वरच्याला उभं करायचं, तर त्याला वर नळ द्या."

मग इस्पितळांच्या तळघरातून धूर बाहेर ओढणाऱ्या पंख्यांची ऑर्डर आली. आग लागली की पंखा पूर्ण वेगात सलग चालायला हवा, म्हणजे वरचा स्विच सतत चालू. माल पाठवायची घाई होती. मालकांनी परस्पर वेगळा सप्लाय काढून टाकला आणि बोर्ड बनवून घेतले. "मॅडमजी, टेस्ट में पास है."

पास होणारच होते. तपासणीत पंखा पूर्ण वेगाच्या जरा खालीच चालवत. तिथे वरचा अधूनमधून बंद होतो आणि बादली भरते.

आक्कांनी मालकांना टेबलाशी बोलावलं आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं. पंखा घोंघावला, अडखळला, बोर्डातून धूर आला. धूर ओढायचं यंत्र स्वतःच धूर सोडत होतं.

"फुल पे कौन चलाता है जी?" मालक म्हणाले.

"जिसके यहाँ आग लगती है."

मालकांनी तपासणीचा कागद पुढे केला. "आप साइन कर दीजिए बस."

"नहीं करूँगी."

"तो कोई और करेगा."

"कर के देखे," आक्का म्हणाल्या. टेबल आवरायला त्यांना फार वेळ लागला नाही. नोकरी सोडून जाताना चटणीची बाटली माझ्या टेबलावर ठेवली. "जेवण तरी नीट कर," एवढंच म्हणाल्या. सही करू नकोस, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं, मला निदान त्यांच्यामागे लपता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला बोलावलं आणि तोच कागद माझ्यापुढे सरकवला. घराचे हप्ते, मुलीची शाळा, सगळं त्या केबिनमध्ये माझ्या शेजारी येऊन बसलं. शूर माणूस ताठ उभा राहून नकार देतो म्हणतात. मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता आणि आवाज चिरका निघाला. "सर, अलग सप्लाय लगवा दीजिए, आज ही साइन करता हूँ. नहीं तो मैं भी नहीं." सही करू शकेल असा तिसरा माणूस कंपनीत नव्हता. बोर्डांची खोकी गोदामातच राहिली आणि मला घरी पाठवण्यात आलं. सोमवारी या की येऊच नका, ते काही सांगितलं नाही.

दुपारीच घरी आलेलं बघून बायको दारात थबकली. मी सगळं सांगितलं, चिरक्या आवाजासकट. तिनं माझ्या हातातली चटणीची बाटली घेतली, ताट वाढलं आणि म्हणाली, "चिमटा कुठे लावायचा ते कळलं म्हणायचं तुम्हाला. बसा जेवायला."