ताईचे ओले हात

ताईचे हात मला आठवतात ते असे — कोपरापासून वर उचललेले, अंगाला कुठे लागू नयेत म्हणून पुढे धरलेले, बोटं फाकलेली आणि कोपरांवरून टपटप गळणारं पाणी... मोरीपासून उंबऱ्यापर्यंत शहाबादी फरशीवर थेंबांची एक रांग उमटत जाई आणि ती सुकायच्या आत ताई वळून पुन्हा मोरीकडे जाई. पंचाला हात पुसायची नाही. पंचाला कुणाचा हात लागला असेल, कोण जाणे. वाऱ्यावर हात वाळवायचे आणि वाळले की पुन्हा धुवायचे. तेव्हा माझी ताई तेरा वर्षांची होती आणि मी नऊ.

गिरगावातल्या एका वाडीत, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत आम्ही सहा माणसं राहत होतो. बाबा फोर्टातल्या एका कचेरीत कारकून. आई, ताई, मी, चार वर्षांचा बाळू आणि बाबांची थोरली बहीण — आमची आत्या. आत्या लहानपणीच विधवा होऊन भावाकडे आलेली. स्वयंपाकघर आणि देव्हारा यांच्यावर तिचं राज्य. बाबा तिला अक्का म्हणत आणि थट्टेनं सांगत, "आमच्या घरात दोघंच वेळ पाळतात, नळ आणि अक्का." पहाटे नळाला पाणी आलं की हंडे-कळश्या भरल्याचा खळखळाट, मग चिंचेनं घासलेल्या पितळेचा आंबूस वास, सहाणेवर उगाळलेलं चंदन, दांडीवर वाळत घातलेल्या धाबळीची ओलसर, लोकरीची ऊब... आणि त्या सगळ्यात आत्याचा आवाज — "शिवू नको गं, सोवळ्यात आहे मी!" आम्हा पोरांना ते सोवळं म्हणजे लंगडी-पकडापकडीसारखा एक खेळ वाटे. मुद्दाम धाबळीला बोट लावून मी पळून जात असे आणि धपाटाही खात असे.

ताईनं मात्र तो खेळ कधी खेळला नाही. ती पहिल्यापासून शहाणी मुलगी. वर्गात गणितात पहिली. मला पाढे तिनंच शिकवले, तेही गॅलरीच्या कठड्यावर भिजवलेल्या चिंचोक्यांच्या रांगा मांडून. "मी कॉलेजात जाणार आणि गणित घेणार," असं ती खुशाल सगळ्यांदेखत सांगायची, आणि त्या काळी आमच्या वाडीतल्या मुली असलं काही सांगत नसत. आत्या नाक मुरडून म्हणायची, "गणित घेऊन काय पोळ्या मोजणार आहेस?" पण बाबांना ते आवडे.

मग त्या वर्षीच्या गौरी-गणपतीनंतर कधीतरी ती धुवायला लागली.

आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. येणार कसं? आमच्याच घरात, जिथे आल्यागेल्यानं पाय धुवायचे, शाळेतून आल्यावर कपडे बदलायचे, जेवायच्या आधी चूळ आणि जेवल्यावर खरकटं... तिथे एक पोर जरा जास्त धुते, हे कुणाच्या डोळ्यांत सलणार? उलट कौतुकच झालं. आत्यानं आयुष्यात पहिल्यांदा ताईच्या पाठीवरून हात फिरवला आणि शेजारच्या नेनेकाकूंना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "आजकालच्या पोरी बघा आणि आमची बघा. हिला सांगावं लागत नाही." नेनेकाकूंनी आपल्या मुलीला तेच ऐकवलं. महिन्याभरात आमची ताई अख्ख्या मजल्यावर आदर्श होऊन बसली. अति तेथे माती ही म्हण आमच्या घरात दिवसातून दोनदा तरी निघत असे — मीठ जास्त पडलं की, पतंग जास्त उडवला की. सोवळ्याला मात्र ती कुणी लावली नाही. देवाधर्मात अति असं काही असतं, हे आमच्या लोकांच्या गावीच नव्हतं!

मोरीतून तिचा पाढा ऐकू येई. "तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, तेरा त्रिक एकोणचाळीस..." बाबा वर्तमानपत्रातून मान वर करून म्हणत, "बघा, आंघोळीलासुद्धा अभ्यास!" पाढा मध्येच थांबे. क्षणभर पाणीही थांबे. मग पुन्हा पहिल्यापासून — तेरा एके तेरा. ती एवढी हुशार, आणि तिचा पाढा चुकतो कसा, असं मला वाटे. ती अभ्यास करत नव्हती, हात किती वेळा धुतले ते मोजत होती, आणि मोजणीत शंका आली की सगळं परत, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

ते दिवसच धामधुमीचे होते. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही आरोळी आम्हा पोरांच्या तोंडात इतकी बसली होती की लगोरी फोडतानाही तीच द्यायचो. बाबा कचेरी सुटल्यावर सभेला जात आणि घोगरा आवाज घेऊन घरी येत. मग गोळीबार झाला, संचारबंदी आली, ट्रामचा खडखडाट बंद पडला आणि वाडीच्या तोंडाशी पोलीस उभे राहिले. त्यातल्याच एका दुपारी अश्रुधुराची नळकांडी आमच्या वाडीत येऊन पडली. तिखटाचं पोतं फुटावं तसा ठसका... माणसं डोळे चोळत, भिंती चाचपडत जिने चढत होती. ओल्या फडक्यांसाठी ज्याला त्याला पाणी हवं होतं आणि दुपारचा नळ कोरडा. पाणी होतं ते आमच्याकडे. ताईनं पहाटे पिंप, हंडे, कळश्या, घंगाळ, अगदी पोळ्यांचा डबासुद्धा भरून ठेवला होता. सगळ्या मजल्यानं आमच्या मोरीत हात बुडवले. "पोरीची दूरदृष्टी बघा!" असं कुणीतरी म्हणालं आणि बाबा लाल डोळ्यांनी तिच्याकडे अभिमानानं पाहत राहिले.

माणसं गेल्यावर ताईनं एकेक भांडं उपडं केलं. सगळं पाणी ओतून दिलं आणि रिकामी भांडी समोर ठेवून, दाताखाली ओठ धरून ती रडायला लागली. नळ दुसऱ्या पहाटेपर्यंत येणार नव्हता. तिच्या हातांना पहिल्यांदाच मी नीट पाहिलं. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या, त्यांत रक्त सुकलं होतं आणि तळव्याची कातडी पांढरी, सुरकुतलेली, म्हाताऱ्या बाईची.

"मंदे," ती म्हणाली, "मला थांबता येत नाही गं."

मग तिनं सांगितलं. गौरी जेवणाच्या दिवशी तिनं नैवेद्याच्या ताटाला हात लावला होता, सोवळ्यानं, आत्याच्या बरोबरीनं पुरणपोळ्या वाढल्या होत्या. आणि नंतर तिला कळलं की आपण तर बाहेरच्या झालो आहोत. उन्हाळ्यात न्हाण आलेली पोर ती, तिला तरी काय अंदाज! सणाचा विचका होईल म्हणून ती संध्याकाळपर्यंत बोलली नाही. पुढे तीन आठवड्यांनी बाळूला विषमज्वर झाला. उशाशी बसून जप करता करता आत्या म्हणाली, "या घरात कुणीतरी विटाळ कालवलाय." आत्याला कशाचाच पत्ता नव्हता, तिनं सवयीनं म्हटलं. ताईनं ते पदरात घेतलं. तिनं हात धुवायला घेतले आणि एकविसाव्या दिवशी बाळूचा ताप उतरला...

"आता मी थांबले तर तो मरेल," ताई म्हणाली. "तसं नसतं, हे मला कळतं. तरी थांबता येत नाही. तू बाबांना सांग ना. तू त्यांची लाडकी आहेस. मला त्यांच्याशी असलं बोलता येणार नाही."

मी सांगितलं. हे मी शपथेवर सांगते, की मी सांगितलं. त्याच संध्याकाळी, बाबा आरामखुर्चीत डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून पडले होते, तेव्हा मी त्यांच्या मांडीवर चढून म्हटलं, "बाबा, ताईला थांबता येत नाही."

"कशाला?"

"हात धुवायला."

फडक्याखालून बाबा हसले. दिवसभराच्या दमणुकीनंतरचं मोठं, मोकळं हसू. "अगं मग चांगलंच आहे की! तुझी मान बघ, बटाटे पिकतील मळात. जरा शीक तिच्याकडून." आणि त्यांनी माझ्या मानेला गुदगुल्या केल्या. बाळूचं, नैवेद्याचं, पुढचं सगळं माझ्या जिभेवर होतं. पण बाबा कित्येक दिवसांत असे हसले नव्हते आणि गुदगुल्या होत होत्या... मीही हसले. खिदळले.

त्यानंतर ताईनं मला काही विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही. मला वाटलं, विसरली असेल.

पुढची वर्षं पाण्यासारखी गेली, असं लोक सुखानं म्हणतात. आमची खरोखर पाण्यात गेली. ताई शाळेत उशिरा पोचू लागली, मग आठवड्यातून दोन दिवस दांडी, मग चार. वह्या दुसऱ्याच्या बाकाला लागतात म्हणून ती मांडीवर धरून लिहायची. मैत्रिणींनी डबा पुढे केला की मागे सरकायची. कोण किती दिवस डबा पुढे करणार? बाईंनी चिठ्ठी पाठवली, तर आत्या म्हणाली, "त्यांच्या शाळेत शिवाशीव पाळत नाहीत, त्यात पोरीचा काय दोष!" आई मात्र मनातून घाबरली होती. "वन्सं, हे जरा जास्त होतंय," असं एकदा म्हणालीसुद्धा. पण वन्संच्या समोर आईचा आवाज कधी चढलाच नाही, आणि बाबा घरातलं बायकांवर सोपवून महाराष्ट्र मिळवण्यात गुंतले होते.

मॅट्रिकच्या गणिताच्या पेपराला ताई पहाटे मोरीत शिरली. अकराचा पेपर. नऊ वाजले, दहा वाजले. तिची दौत-टाक, पट्टी, प्रवेशपत्र असं सगळं कापडी पिशवीत घालून मी मोरीच्या दाराशी उभी. आई कडी वाजवून वाजवून थकली. "बाई गं, ये ना बाहेर, तुझ्या पाया पडते." आतून तेराचा पाढा, मध्येच तुटलेला, पुन्हा पहिल्यापासून. ताई बाहेर आली तेव्हा बारा वाजून गेले होते. तिनं पिशवीकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही. ज्या पोरीनं मला पावकी-निमकी शिकवली, ती गणिताच्याच पेपराला गेली नाही. त्या दिवशी आत्यासुद्धा जेवली नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात महाराष्ट्र झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत अजून पताका फडफडत होत्या, गुलाल जिन्यावर सांडला होता, झेंडूचा आणि फटाक्यांच्या दारूचा वास हवेत होता. बाबा पेढे घेऊन आले. पहिला पेढा त्यांनी ताईला दिला आणि त्यांचे डोळे भरून आले. कदाचित महाराष्ट्रासाठी, कदाचित नाही. ताईनं पेढा घेतला, मोरीत गेली आणि पाण्याखाली धरला. तिच्या तळव्यात तो विरघळत गेला आणि आम्ही सगळे बघत राहिलो. बाबा तेव्हा हसले नाहीत.

एकविसाव्या वर्षी तिचं लग्न केलं. 'लग्न झालं की सुधारेल' हा आमच्याकडचा रामबाण उपाय! दादरला सासर, एक नळ आणि नऊ माणसं. मुलगा वाईट नव्हता. आठ महिने त्यानं वाट पाहिली. मग एका दुपारी ताई ट्रंक घेऊन परत आली, तीही दारातच उभी, कारण वाटेत किती जणांचा धक्का लागला होता. तेव्हा कुठे बाबा तिला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. बरोबर मी होते. डॉक्टरांनी सगळं शांतपणे विचारलं, ताईनं सगळं सांगितलं, गौरीचं, बाळूचं. बाबा खुर्चीत हळूहळू खचत गेले. डॉक्टर म्हणाले, "हा आजार आहे. तेरा वर्षांची असताना आणली असतीत, तर..." वरातीमागून घोडं नेऊन आम्ही तिघं घरी आलो. बाबांनी वाटेत एकदाच तोंड उघडलं. "मला कुणी सांगितलंच नाही," असं ते म्हणाले. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

बाळू इंजिनिअर झाला, परदेशी गेला. दर राखी पौर्णिमेला त्याचं पत्र येई. आपल्या जिवापायी कुणीतरी हात सोलून घेतले, हे त्याला आम्ही कधी सांगितलं नाही.

आई-बाबा गेल्यावर ताई माझ्याकडे राहायला आली. पुढे चांगल्या गोळ्या निघाल्या आणि तिचं धुणं पुष्कळ कमी झालं. साठीच्या ताईनं एकदा माझ्या नातीच्या वहीतली गणितं सोडवून दिली, तीही वही हातात धरून. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. पण नोकरी, संसार, कॉलेज हे ज्या वयात व्हायचं, ते वय मोरीत गेलं होतं. ते गोळ्यांनी कुठून यावं?

शेवटच्या आजारपणात एका सकाळी मी तिच्या हातांना खोबरेल लावत होते. ती म्हणाली, "मंदे, तू बाबांना सांगितलं होतंस."

माझा हात थांबला. "तुला कसं ठाऊक?"

"दाराआड उभी होते मी. बाबा हसले, त्याचं एवढं काही वाटलं नाही. त्यांना ठाऊकच नव्हतं." मग अगदी मायेनं म्हणाली, "तू का हसलीस गं?"

गुदगुल्या होत होत्या, असं सत्तरीच्या म्हातारीनं कोणत्या तोंडानं सांगायचं? तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. हात पुढे करून म्हणाली, "हाही राहिलाय," आणि मी दुसऱ्या हाताला तेल लावायला घेतलं.

ताईला जाऊन आता पाच वर्षं झाली. घरातली पोरं माझ्याविषयी तक्रार करतात, की आजीला काही सांगायला गेलं की ती गॅस बंद करून समोर येऊन बसते, तोंडाकडे टक लावून बघत राहते आणि कितीही गमतीचं असलं तरी हसत नाही. नाहीच हसत मी. एकदा हसले होते.